नाव कारबेटरचं

"गेला," काकू म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हंजे? समोरचा बाबू. आवाज आयका. आता भोकरदन रोडनं थोडा जाईन, गाडी बंद पडीन, दोन मिनिटं हुभा राहीन, मंग पुन्हा चालू होईन. दूधवाल्याचा टाइम चुकते, ह्या गाडीचा नाही चुकत."

आमच्या दोन घरांच्या मधे तुराट्यांचा कूड आहे. अलीकडे मी, पलीकडे काकू आणि त्यांच्या मागं ओट्यावर नाना. नाना एष्टीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, त्यामुळं गल्लीत कुणाचा मिक्सर अडला तरी त्यांचं मत घ्यावं लागतं. नाही विचारलं तरी मत येतंच, फक्त जरा मोठ्यानं येतं.

"कारबेटर हाय त्याचा," ओट्यावरून आवाज आला.

"तुमाले काय ठाव कारबेटर? एष्टीले असते काय?"

नाना गप्प. काकूंनी दुखऱ्या जागीच बोट ठेवलं होतं. एष्टी डिझेलवर चालते आणि डिझेल इंजिनाला कारबोरेटर नसतो. तिथं पंप आणि नोझल. नानांची उभी नोकरी नोझल खोलण्यात गेली. पण आमच्या धाड गावात मोटारसायकल अडली की पहिलं नाव कारबेटरचं निघतं, मग ती प्लगनं अडलेली असो, टॅपेटनं असो की नुसतं पेट्रोल संपल्यानं. नाना त्या रिवाजाबाहेर कसे जातील?

तर ही गाडी. बाबूनं ती पोळ्याच्या आधी आणली. कुणाकडून ते काकूंना माहीत आहे, मी इथं सांगत नाही. शंभर सीसीची चार-स्ट्रोक, २००९ चं मॉडेल, नंबर एमएच २१, म्हणजे जालन्याचा. आपल्या गावाचं तसंच आहे. बुलढाणा जिल्हा इथं संपतो, पलीकडं भोकरदन तालुका, विदर्भाची गाडी मराठवाड्यात कधी शिरली ते खड्डे सोडून कुणाला कळत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या सगळ्या रामायणात कंपनीचा काही दोष निघत नाही. टाकीला नवा रंग, सीटला नवं कव्हर, सायलेन्सरवर चंदेरी पेंटचा हात. काकूंनी त्याच दिवशी सांगितलं होतं, "रंग नवा दिसला की समजाव, खालतं गंज हाये."

गाडी घेण्याचं कारण बाबूनं घरी सांगितलं ते मिरचीचं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची न्यायची, दर वेळी दुसऱ्याच्या छोटा हत्तीची वाट कोण पाहणार? खरं कारण काकूंच्या नणंदेकडून आलं. स्थळ पाहायला जायचं होतं.

नणंद त्याच गावात दिलेली, त्यामुळं पुढची हकीकत आमच्याकडं बाबू घरी पोचायच्या आधी पोचली. मुलीच्या घरापासून चार घरं अलीकडं गाडीनं झटके दिले आणि मुकाट उभी राहिली. बाबू किका मारतोय, मागं बसलेला मामा टोपी सांभाळत उतरलेला, आणि धक्का मारायला कोण आलं? मुलीचा धाकटा भाऊ आणि चुलता.

"चहाच्या पयले धक्का," काकू म्हणाल्या. "असं लगीन म्या आजलोक पाह्यलं नाही."

"इंजिन गरम झालं असीन," नाना म्हणाले.

"तुमी थांबा जरा."

आता थोडं गाड्यांच्या घराण्याविषयी सांगतो, म्हणजे बाबूची चूक आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. इकडं आधी राजदूत आणि येझदी होत्या, दोन्ही टू-स्ट्रोक. गल्लीच्या तोंडाशी आल्या की धूर आधी घरात यायचा. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली आणि त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. पहिलीवर पोरं वेडी झाली, दुसरीवर त्यांचे बाप. १९९४ ला स्प्लेंडर आली, आणि मग दुधाची कॅन, मिरचीची गोणी, खताची बॅग, सैलानीची यात्रा, दवाखाना, सगळं शंभर सीसीवर निघायला लागलं. ज्या टाकीवर अजून 'हिरो होंडा' असं जोडनाव दिसतं ती गाडी जुनी समजायची. १९८४ ला जमलेली ती सोयरीक दोन्ही कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्ये मोडली. हे मी कुडावरून सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "काडीमोड झाली तरी लेकरं अजून पळून रायली ना!"

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि नव्या गाड्यांतून कारबोरेटर जवळजवळ गेलाच. आता तिथं इंजेक्टर, सेन्सर आणि मिस्त्रीच्या हातात पेचकसाऐवजी स्कॅनर. म्हणून कारबोरेटरची गाडी पाहिजे असेल तर कुणाची तरी वापरलेलीच घ्यावी लागते, आणि वापरलेल्या गाडीबरोबर मागच्या सगळ्या मिस्त्र्यांची अक्कलही येते.

बाबूच्या नशिबी तीन मिस्त्री आले.

पहिल्यानं गाडीकडं न पाहताच सांगितलं, "कचरा आला." असू शकतो. कारबोरेटरच्या खाली वाटी असते, तिच्यात थोडं पेट्रोल कायम साठलेलं. वर एक नळीसारखा गळा. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून वर खेचलं जातं. स्लोवर चालताना एक जेट, रेस दिली की दुसरा. स्लोच्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. जुन्या टाकीतल्या गंजाचा एक कण तिथं बसला की गाडी चोकवर चालते, चोक काढला की मरते, आणि स्लो काही केल्या बसत नाही. ही कचऱ्याची लक्षणं. बाबूची गाडी मात्र स्लोवर मस्त गुरगुरायची. बंद पडायची ती पळता पळता. पण मिस्त्रीला ते विचारायला सवड नव्हती. त्यानं वाटी खोलली आणि म्हणाला, पिन आण.

बाबूच्या घरी गॅस. पिन कुठून येणार? तो धावत आला काकूंकडं. काकूंचा पितळी स्टोव्ह अजून चालू आहे, सिलेंडर संपला की आणि पापडाचं पाणी उकळायचं असलं की. त्यांनी स्टोव्हची पिन दिली.

"अन् वापस आणली त वाकडी!" हे काकू आजही सांगतात, आणि ते सांगताना गाडीची बाजू कधी घेत नाहीत.

वाकडी पिन हा त्यातला कमी नुकसानाचा भाग होता. जेट पितळेचा, पिन पोलादाची. दोन-चारदा फिरवली की भोक मोठं होतं. मोठं झालेलं भोक पुन्हा लहान करायचा उपाय नाही, जेटच बदलावा लागतो. जेट साफ करायचा तर क्लीनरच्या फवाऱ्यानं नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेनं. काहीच नसेल तर वायरीतली तांब्याची एखादी तार, तीही हलक्या हातानं. बाबूचा जेट त्या दिवशी मोठा झाला. गाडी जड चालायला लागली, प्लग काजळासारखा काळा, ॲव्हरेज खाली.

मग दुसरा मिस्त्री. त्यानं प्लग काढला, काळा पाहिला, म्हणाला पेट्रोल जास्त जातंय. इथपर्यंत बरोबर. चांगल्या गाडीचा प्लग विटकरी किंवा बिस्किटाच्या रंगाचा निघतो. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फटक म्हणजे हवा जास्त. पुढं त्यानं बाजूचा बारीक स्क्रू आवळला, पेट्रोल कमी होईल म्हणून. इथं भलेभले फसतात. हा स्क्रू कारबोरेटरच्या कोणत्या अंगाला आहे ते आधी पाहायचं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आवळला की हवा कमी होते आणि काळा धूर वाढतो. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवेचा, आवळला की पेट्रोल कमी. बाबूच्या गाडीचा फिल्टरकडं होता. स्क्रू आवळून झाल्यावर गाडीनं सोडलेला धूर काकूंच्या वाळवणापर्यंत आला.

"कुरड्या काळ्या झाल्या," काकू.

"दोन," नाना.

"दोन काहून? पाच."

तिसऱ्यानं काहीच पाहिलं नाही, सरळ म्हणाला, किट टाका. किट म्हणजे जेट, फ्लोटची पिन, रबराच्या रिंगा, सगळं एका पुडीत. अस्सल असलं तर उत्तम. बाबूनं स्वस्तातलं आणलं. फ्लोटची पिन वाटी भरली की पेट्रोल अडवते. ही पिन जागेवर बसेचना. रात्री ओसरीत टपटप. सकाळी घरभर पेट्रोलचा वास, आणि त्याच्या आईनं तोंडात बोट घातलं, कारण ओसरीच्या कोपऱ्यात देवाचा दिवा. अशी गळती असेल तर कॉक बंद केल्याशिवाय गाडी घरात घ्यायचीच नाही, आणि इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्यायचा. वाहिलेलं पेट्रोल कधी कधी आत सिलेंडरमधून ऑइलमध्ये उतरतं, आणि पातळ झालेलं ऑइल इंजिन खाऊन टाकतं.

एका आजाराचे असे चार झाले, आणि मूळचा आजार तसाच. गाडी अजूनही पळता पळता बंद पडतच होती.

तो सापडला दिवाळीच्या फराळात. काकू तेलाचा पंधरा किलोचा डबा वाकवून कढईत तेल ओतत होत्या. डब्याला एकच भोक पाडलेलं, तेल घळघळ न येता उचक्या देत येत होतं. त्यांनी मला कुडावरून खिळा मागितला. त्याच वेळेला बाबू फराळाचं ताट द्यायला आला, आणि काकूंनी त्याला तिथंच उभा केला.

"काय रे, गाडी बंद पडल्यावर तू काय करतं?"

"झाकण उघडून पाह्यतो टाकीचं. पेट्रोल हाये का नाही म्हणून."

"अन् मंग?"

"मंग किक मारली की चालू."

"झाकण उघडताना आवाज येते काय?"

बाबूनं विचार केला. "येते. हुस्स करते."

काकूंनी डब्याला दुसरं भोक पाडलं. तेल सरळ धारेनं आलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या धारेकडं बोट केलं. ओट्यावरून नाना उठले, पायात चपला न घालता समोर गेले आणि टाकीचं झाकण उघडलं. झाकणाखाली पन्नी. घडी करून, नीट रबराच्या आत खोचलेली.

झाकणाचं रबर कुजलं होतं, पावसाचं पाणी टाकीत जायचं, म्हणून बाबूनं पावसाळ्यात पन्नी लावली. आपल्याकडं निम्मी दुनिया लावते. पण झाकणाला एक बारीक छिद्र असतं, जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा तिथून आत यायला. ते बुजलं की टाकीत हवेची पोकळी होते, पेट्रोल खाली उतरत नाही, वाटी रिकामी होते आणि गाडी थांबते. स्लोवर पेट्रोल थोडंच लागतं, म्हणून तिथं त्रास नाही. जोरात पळवली की दम संपतो. झाकण उघडलं की हवा शिरते आणि पुन्हा काही किलोमीटर सगळं ठीक. मुलीचं गाव नेमकं त्या किलोमीटरांच्या शेवटी.

"म्या पयलेच म्हणलो होतो," नाना परत येत म्हणाले, "पेट्रोल पोचून नाही रायलं."

"तुमी कारबेटर म्हणले होते."

"कारबेटरले पोचून नाही रायलं, असं."

पन्नी काढली, नवं रबर आणलं, तरी बाकीचे तीन आजार उरलेच होते. ते काम नानांनी अंगावर घेतलं, आणि इथं मला त्यांचं कौतुक करायला पाहिजे. डिझेलच्या नोझलवर काम केलेल्या माणसाला धुळीची जी भीती असते ती आपल्या रस्त्यावरच्या मिस्त्र्यांत क्वचित दिसते. ओट्यावर धुतलेलं फडकं अंथरलं, त्यावर स्टीलचं ताट. मक्याची मळणी सुरू होती, हवेत भुसा, म्हणून आधी दारं लावली. एअर फिल्टर काढला तर तो धुळीनं मातीचा पापुद्रा झालेला. तोच एकटा काळ्या प्लगला पुरेसा होता. दुसऱ्या मिस्त्रीनं स्क्रूला हात लावायच्या आधी तो पाहिला असता तर काकूंच्या कुरड्या वाचल्या असत्या.

मग वाटीच्या तळाचा ड्रेनचा स्क्रू सैल केला आणि आतलं पेट्रोल काचेच्या वाटीत घेतलं. काकूंच्या. त्यावर जे बोलणं झालं ते लिहीत नाही. पण वाटी उजेडात धरली तर पेट्रोलखाली थेंब लोळताना दिसले, पाऱ्यासारखे वेगळे. पाणी.

"हे आपलं मक्याचं पेट्रोल," नाना म्हणाले.

आणि तासभर गप्पा तिकडंच गेल्या, कारण गल्लीत एकही घर असं नाही की ज्याच्या वावरात मका नाही. आपला मका व्यापारी उचलतो, त्यातला काही इथेनॉलच्या कारखान्यात जातो, आणि इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून पंपावर परत येतं. २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, सरकारनं ते पाच वर्षं अलीकडं ओढलं. फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० पेट्रोल मिळायला लागलं आणि आता सगळीकडं तेच आहे. काकूंना यातलं एकच पटेना. "मक्याले भाव नाही म्हणते, अन् त्याच मक्याचं पेट्रोल एवढं महाग?" याचं उत्तर नानांकडं नव्हतं, माझ्याकडंही नाही.

मात्र नाना सगळा दोष इथेनॉलवर टाकायला लागले तेव्हा मी कुडावरून आडवा गेलो. त्यात तथ्य आहे ते एवढं: साध्या पेट्रोलला वजनानं चौदा-पंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. म्हणजे साध्या पेट्रोलवर बसवलेला जुना कारबोरेटर ई-२० वर जरा जास्तच हवा देतो. इंजेक्शनची नवी गाडी ते आपलं आपण सावरते, २००९ ची नाही सावरत. इथेनॉलमध्ये ताकदही पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. जुनी रबरं फुगतात, चिरतात. टाकीतला जुना थर सुटून जेटमध्ये येऊन बसतो. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात, जिथून कॉक पेट्रोल घेतो नेमकं तिथं. पण रोज पळणाऱ्या गाडीला याचा फार त्रास होत नाही. त्रास होतो तो उभ्या गाडीला. ही गाडी विकण्याआधी किती महिने गोठ्यात उभी होती? ते काकूंना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलंही. मालकाचं नाव पुन्हा आलं म्हणून तेही गाळतो. वर कुजक्या रबरातून आलेलं पावसाचं पाणी. त्याला मका काय करणार?

नानांनी दोन्ही जेट नवे टाकले, अस्सल. फ्लोटची जुनी पिन बाबूनं आगपेटीत ठेवली होती, ती पुन्हा बसवली आणि गळती थांबली. पोराच्या अंगात एक गुण आहे म्हणायचा. फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल खळखळत नाही ना. सुईची चकती मधल्या खाचेत. स्लाइड घालताना तिची कापलेली कड फिल्टरकडं. उलटी गेली तर गाडी एकदम रेस होऊन उभी राहते आणि चालवणारा घाबरून कॉक शोधत बसतो. स्क्रू हलकेच पूर्ण मिटवून दोन आटे सोडला. इंजिन चांगलं तापल्यावर पाव पाव आटा इकडं-तिकडं करत, जिथं स्लो सगळ्यात एकसारखा वाजतो तिथं थांबवला. शेवटी कारबोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं. तिथून हवा घेत असेल तर आवाज बदलतो. काही जण तिथं पेट्रोल शिंपडून पाहतात, तापलेल्या इंजिनवर. त्यांच्याविषयी नाना जे म्हणाले ते एष्टीच्या वर्कशॉपातलं होतं, छापण्यासारखं नव्हतं.

गाडी लागली. बाबू चौफुलीपर्यंत जाऊन आला, मग भोकरदनपर्यंत जाऊन आला. गल्लीनं थोडी निराशा लपवली.

परवा काकू कुडाशी आल्या त्या पदर खोचूनच.

"आयकलं का? दुसऱ्यांदा बोलावलं त्याले. नणदेचा फोन होता."

"मग? गाडीवरच गेला?"

"गाडीवरच. मामाले मागं घेऊन. एका दमात गेला, कुठी थांबला नाही. पोहे झाले, मंग पोरीले म्हणले तुले काही इचाराचं त इचार. पोट्टी कॉलेजात जाते भोकरदनले, तिनं एकच इचारलं."

"काय?"

"गाडी कोणाच्या नावावर हाये?"

ओट्यावर नानांनी पेपर खाली ठेवला. गाडी अजून मागच्याच मालकाच्या नावावर होती. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म बाबूच्या डिक्कीत घडी घालून पडले होते. त्यात २००९ ची गाडी, तिच्या कागदांची पंधरा वर्षं २०२४ लाच संपली, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरणही बाकी.

"मंग तो काय म्हणला?" नाना.

"काय म्हणीन? मामा म्हणला, चहा घ्या."